विश्लेषण : ‘नवोदय’ची तयारी मुलाची की पालकांची?

पाचवीतल्या मुलाचा ‘नवोदय’ला नंबर लागला, की ग्रामीण महाराष्ट्रात आजही गावभर पेढे वाटले जातात. चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो. पण या एका परीक्षेसाठी नऊ-दहा वर्षांच्या मुलांची दोन-दोन वर्षे क्लास, सराव परीक्षा आणि निवासी शिबिरांत जाऊ लागली आहेत. परीक्षा मुलाकडून नेमके काय मागते? त्यासाठी एवढी धावपळ लागते का? आणि निवड झाल्यावर अकराव्या वर्षी घर सोडून राहायचे, त्याची तयारी कोण करून घेते?

‘नवोदय’चे एवढे आकर्षण कशामुळे?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना आकाराला आली. ग्रामीण भागातील हुशार मुलांना पैशाअभावी चांगले शिक्षण नाकारले जाऊ नये, हा तिचा गाभा. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर पहिली दोन विद्यालये सुरू झाली. त्यातले एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे महाराष्ट्रात, अमरावतीला. आज तमिळनाडू वगळता देशभर साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत.

सहावी ते बारावी हे शिक्षण निवासी आहे. राहणे, जेवण, गणवेश, पाठ्यपुस्तके यांचा खर्च केंद्र सरकार करते. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतले जातात. मात्र सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तेही माफ आहेत. दोन एकर कोरडवाहू शेती असलेल्या घरासाठी याचा अर्थ सरळ आहे : एका मुलाच्या सात वर्षांच्या शिक्षणाची चिंता मिटते, शिवाय त्याला प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मैदान मिळते. गावातल्या कुणाच्या तरी मुलाने नवोदयमधून पुढे इंजिनीअरिंग किंवा मेडिकल गाठलेले असते. ते उदाहरण घराघरात सांगितले जाते. त्यामुळे पालकांची ओढ समजण्यासारखी आहे. तिला हाव म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परीक्षेत नेमके काय विचारतात?

दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. सगळे प्रश्न बहुपर्यायी. बौद्धिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण आणि सरासरी दीड मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतून सोडवता येते.

बौद्धिक चाचणीत शब्द जवळपास नसतात, सगळा खेळ आकृत्यांचा. गटात न बसणारी आकृती शोधणे, तंतोतंत जुळणारी आकृती ओळखणे, अपुरी आकृती पूर्ण करणे, मालिकेतली पुढची आकृती सांगणे, आरशातली प्रतिमा ओळखणे, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगणे, असे हे प्रकार. अंकगणितात पाचवीपर्यंतचीच गोडी असते : संख्या, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, मापने, वेळ आणि अंतर, शेकडेवारी, नफा-तोटा, परिमिती आणि क्षेत्रफळ. भाषेत उतारे असतात आणि त्यांवर प्रश्न.

या यादीत पाठांतराची बाब शोधूनही फारशी सापडत नाही. सामान्यज्ञान नाही, इंग्रजीचे व्याकरण नाही, सनावळ्या नाहीत. लहान मुलाने नीट पाहावे, नीट वाचावे आणि साधा हिशेब न गोंधळता करावा, एवढीच परीक्षेची अपेक्षा आहे. तयारीचा विचार करताना हा मुद्दा सर्वात आधी लक्षात घ्यायला हवा.

जागा किती आणि कोणासाठी?

एका विद्यालयात सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा. विद्यार्थी त्याच जिल्ह्याचा रहिवासी हवा आणि पाचवी त्याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत शिकत असावा. किमान ७५ टक्के, म्हणजे ८० पैकी ६० जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी. ग्रामीण म्हणून अर्ज करायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांसाठीही आरक्षण आहे. अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क.

आणखी एक नियम पालकांवरचा ताण वाढवतो. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. दुसरी संधी नाही.

स्पर्धेचा अंदाज येण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. एखाद्या जिल्ह्यात आठ हजार मुले परीक्षेला बसली, असे धरू. ८० जागा म्हणजे शंभरात एक. उरलेल्या ९९ मुलांची निवड होणार नाही, हे परीक्षेच्या आधीच ठरलेले असते. त्यात हुशार मुलेही असणार, मेहनती मुलेही असणार. एखाद-दुसऱ्या प्रश्नाने शेकडो मुले यादीच्या बाहेर राहतात. हे गणित पालकांना कळत नाही असे नाही. पण आपले मूल त्या एकात असेल या आशेवर घर चालते, आणि क्लासही.

मग क्लास नेमके काय विकतात?

तालुक्याच्या गावी आता ‘नवोदय-सैनिकी-शिष्यवृत्ती’ अशी एकत्र पाटी दिसते. सकाळी शाळेआधी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रविवारी सराव परीक्षा, दिवाळी-उन्हाळ्यात निवासी शिबिर. काही ठिकाणी तर वर्षभराचे निवासी वर्ग. चौथीतले, कधी तिसरीतले मूल घरापासून दूर, एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहते. ते कशासाठी? पुढे निवासी शाळेत जाता यावे म्हणून. म्हणजे ज्या वयात नवोदयसुद्धा मूल मागत नाही, त्या वयात क्लास ते मागतो.

क्लासमध्ये मिळते ते मुख्यतः सरावाचे प्रमाण. आकृत्यांचे प्रकार मर्यादित असल्याने शेकडो आकृत्या सोडवून घेतल्या, की मुलाचा हात बसतो. ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल रंगवण्याची सवय होते, वेळेचा अंदाज येतो. हा फायदा खरा आहे. मात्र त्याला मर्यादा आहे. दोनशेवी आरसा-प्रतिमा सोडवून मूल दोनशेपट हुशार होत नाही, ते फक्त कंटाळते. आणि कंटाळलेले मूल परीक्षेत साध्या चुका करते.

क्लासचा सगळा भर आकृत्या आणि गणितावर असतो, कारण तिथे ‘ट्रिक’ शिकवता येते. उताऱ्याला ट्रिक नसते. वाचन यावे लागते. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत असून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०२२ च्या ‘असर’ अहवालात ४२.८ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले तिथेच अडखळतात. भाषेचे २५ गुण अनेक मुलांच्या हातून जातात ते हुशारी कमी म्हणून नव्हे, तर रोज काही वाचण्याची सवय नाही म्हणून. गणितातली शाब्दिक उदाहरणेही याच कारणाने चुकतात. मुलाला भागाकार येतो, पण इथे भागाकार करायचा आहे हे वाक्य वाचून कळत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये किंवा माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. चर्चा झाली ती कोटा आणि लातूरच्या संदर्भात, ‘नीट’ आणि ‘जेईई’च्या संदर्भात. दहा वर्षांच्या मुलांच्या निवासी क्लासकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही. या सूचना कायदा नव्हेत, अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. पण सोळा वर्षांच्या मुलावर जो ताण नको असे सरकारला वाटते, तो नऊ वर्षांच्या मुलावर चालेल, असे कुणी म्हणू शकेल का?

पण क्लास नसतील तर गरीब मुलांचे काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. शिक्षकांच्या, ग्रामसेवकांच्या, नोकरदारांच्या घरात अभ्यास घेणारे कुणीतरी असते. मजुराच्या घरात ते नसते. त्याच्यासाठी क्लास हीच शिडी, असा युक्तिवाद केला जातो.

पण ही शिडी फुकट नाही. क्लासची फी, पुस्तके, सराव परीक्षांचे पैसे, तालुक्याला ये-जा करण्याचे भाडे हे ज्याला परवडते त्याचेच मूल तिथे पोहोचते. फी नसलेल्या परीक्षेभोवती फी भरण्याची एक रांग तयार होते आणि ज्या मुलासाठी ही योजना आखली गेली, ते त्या रांगेत शेवटी राहते. पटावर नाव गावच्या शाळेत, मूल मात्र शहरातल्या निवासी क्लासमध्ये, अशीही उदाहरणे नवीन नाहीत. ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या जागांचा कागदोपत्री नियम पाळला जातो, त्याचा हेतू मात्र हरवतो.

खरी शिडी दुसरीकडे आहे. राज्यात अनेक जिल्हा परिषद शाळांत गुरुजी आणि बाई शाळेआधी किंवा नंतर जादा तास घेतात, एक पैसाही न घेता. छोट्या वस्तीवरच्या शाळांतून मुले नवोदयला जातात ती बहुधा अशा शिक्षकांमुळे. अडचण एवढीच, की ही व्यवस्था त्या एका शिक्षकाच्या उत्साहावर उभी असते. त्याची बदली झाली की तास बंद पडतात.

घरी तयारी कशी करता येईल?

बौद्धिक चाचणीतल्या बहुतेक आकृत्या हातात धरता येतात. जुने वर्तमानपत्र घ्या, दोन घड्या घाला, कात्रीने कोपरा कापा आणि उलगडण्याआधी मुलाला विचारा, भोके किती आणि कुठे? दहा-पंधरा वेळा असे केल्यावर पुस्तकातली आकृती त्याला परकी राहत नाही. आरशातल्या प्रतिमेसाठी भिंतीवरचा आरसा पुरे. स्वतःचे नाव लिहिलेला कागद आरशासमोर धरला, की डावे-उजवे कसे बदलते ते लगेच उमगते.

गणितासाठी आठवडी बाजार ही उत्तम शाळा आहे. पाव किलो मिरची, दीड किलो बटाटे, शंभराची नोट, परत किती? दूध डेअरीची चिठ्ठी, विजेचे बिल, एसटीचे वेळापत्रक यांतून दशांश, वेळ आणि अंतर शिकता येते. शेताचा बांध मोजताना परिमिती कळते.

भाषेसाठी रोज पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचन आणि त्यावर ‘काय वाचलेस, तुझ्या शब्दांत सांग’ एवढा एकच प्रश्न. पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असे नाही. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर मोफत वाचता येतात. पालकांना वाचता येत नसेल तरी हरकत नाही. मुलाने वाचावे आणि आईने ऐकावे, हाही अभ्यासच आहे.

याला जोड म्हणून पाचवीच्या वर्षात रोज तास-दीड तास नेमका सराव आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आठवड्याला एक पूर्ण प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. उत्तर येत नसलेला प्रश्न सोडून पुढे जाणे आणि शेवटी एकही गोल रिकामा न ठेवणे, एवढे तंत्र पुरते. रविवारची दुपार खेळायला मोकळी ठेवायची. एवढे करूनही निवड होईलच अशी हमी नाही, पण ती हमी क्लासही देऊ शकत नाही.

सैनिकी शाळेची तयारी वेगळी का?

क्लासच्या पाटीवर दोन्ही नावे शेजारी असली, तरी दोन्ही परीक्षा एक नाहीत. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. अलीकडे, २०१९ मध्ये, चंद्रपूरलाही ती आली. सहावीच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) परीक्षा घेते : १२५ प्रश्न, ३०० गुण, अडीच तास. त्यात एकट्या गणिताला १५० गुण आहेत. बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्यज्ञान यांना प्रत्येकी ५०. वय १० ते १२ वर्षे. लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी होते. इथे शुल्क भरावे लागते आणि शिस्तीचा बाज लष्करी आहे.

याचा अर्थ असा, की आकृत्यांत रमणाऱ्या मुलाला नवोदय सोपी जाईल आणि सैनिकी अवघड. अभ्यासक्रम, खर्च, पुढची दिशा सगळेच वेगळे. तरीही ‘कुठेतरी लागेल’ म्हणून एकाच मुलाला नवोदय, सैनिकी, शिष्यवृत्ती आणि दोन-चार खासगी परीक्षांना बसवले जाते. त्यातून तयारी वाढत नाही, फक्त परीक्षा वाढतात.

परीक्षेपेक्षा अवघड तयारी कोणती?

घरापासून दूर राहण्याची. आणि तिचा एकही तास कुठल्या क्लासमध्ये नसतो.

नवोदयमध्ये मूल पहाटे उठते, स्वतःची अंथरूण-पांघरूण आवरते, कपडे सांभाळते, मेसमध्ये रांगेत उभे राहते. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा सदनांत त्याची विभागणी होते. स्वतःचा मोबाइल नसतो. आईवडिलांची भेट ठरलेल्या दिवशी. आजी भात कालवून देणार नाही, रात्री भीती वाटली तर शेजारी आई नसणार. सातवी-आठवीनंतर हिंदी आणि इंग्रजीतून शिकावे लागते. नववीत काही विद्यार्थी एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयमध्ये पाठवले जातात. महाराष्ट्रातले मूल हिंदी भाषक राज्यात जाते, तिकडचे इकडे येते. देश ओळखण्याची ही सुंदर संधी आहे, पण त्यासाठी मन घट्ट लागते.

सगळ्याच मुलांचे मन अकराव्या वर्षी तेवढे घट्ट नसते. २०१३ ते २०१७ या काळात देशभरातील नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याचे वृत्त २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली आणि विद्यालयांत समुपदेशक नेमण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. लाखो मुले तिथे आनंदाने शिकून बाहेर पडली, हेही तितकेच खरे. पण घरची आठवण, एकटेपणा आणि ‘आता मागे फिरायचे नाही’ हे दडपण यांना किरकोळ समजून चालत नाही, एवढा बोध तरी त्यातून घ्यायला हवा.

ही तयारी घरीच होऊ शकते आणि तिला पैसे लागत नाहीत. वर्षभर आधीपासून मुलाने आपले ताट, आपला रुमाल, आपले मोजे स्वतः धुवावेत. मामाच्या किंवा आत्याच्या गावी आईवडिलांशिवाय आठ दिवस राहून यावे. अंगात कणकण असेल, पोट दुखत असेल तर ते मोठ्या माणसाला सांगायचे, लपवायचे नाही, हे शिकवावे. काही मुले या वयातही रात्री अंथरुणात लघवी करतात. घरात ते झाकले जाते, वसतिगृहात चेष्टेचा विषय होते. लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवले तर बहुतेकदा उपाय निघतो. कुणी मारले, चिडवले, नको तिथे हात लावला तर कुणाला सांगायचे, हे मुलाला आणि मुलीला दोघांनाही स्पष्ट शब्दांत माहीत हवे. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक पाढ्यांइतका पाठ हवा.

आणि सर्वात महत्त्वाचे वाक्य पालकांनी निघताना बोलायचे असते : ‘नाहीच करमले तर परत ये. घर तुझेच आहे.’ परतीचा रस्ता उघडा आहे हे ज्या मुलाला माहीत असते, ते सहसा टिकते. ‘आता गावात तोंड दाखवायचे कसे’ या वाक्याचे ओझे घेऊन गेलेले मूल मात्र आतल्या आत कुढते.

मुलाला कुणी विचारले का?

अर्ज भरताना पालकांची सही लागते, मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र लागते. मुलाच्या इच्छेचा रकाना त्यात नाही. दहा वर्षांच्या मुलाला काय कळते, असे म्हटले जाते. सात वर्षांचे परिणाम त्याला कळणार नाहीत, हे खरे. पण आपल्याला आईशिवाय झोप लागते की नाही, हे त्याला नक्की कळते.

एकदाच विचारून भागत नाही. फ्लेक्स पाहून आलेल्या दिवशी मूल ‘हो’ म्हणेल आणि धाकट्या बहिणीशी खेळताना ‘नाही’ म्हणेल. अर्जाआधी, परीक्षेआधी आणि निवड झाल्यावर पुन्हा विचारावे. शक्य असेल तर नवोदयमध्ये शिकणाऱ्या एखाद्या ताईशी किंवा दादाशी त्याला बोलू द्यावे, पालकांनी बाजूला बसून. मेसचे जेवण, पहिल्या महिन्यातले रडणे, मैदानावरची मजा हे सगळे मुलाने मुलाकडून ऐकलेले बरे.

नंबर लागूनही मुलाला जायचे नसेल तर? जागा वाया जात नाही, प्रतीक्षा यादीतले दुसरे मूल तिथे जाते. ही गोष्ट आप्तांना सांगायला जड वाटते, एवढेच.

ज्यांना सर्वाधिक गरज, ती मुले कुठे आहेत?

दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा सुरू होताना परततात. नवोदयची परीक्षा येते ती नेमकी हिवाळ्यात. तयारीचे महिने आणि परीक्षेचा दिवस, दोन्ही वेळा हे मूल उसाच्या फडावर, कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळत असते. ज्या मुलाला सात वर्षांचे मोफत निवासी शिक्षण खऱ्या अर्थाने घडवू शकते, तेच मूल प्रवेशपत्र हातात घ्यायला गावात नसते.

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना राज्यात आहे. मूल गावातच राहावे, शाळा सुटू नये, हा तिचा हेतू. त्याच वसतिगृहात संध्याकाळी नवोदयचा सराव घेतला, अर्ज भरून दिला आणि परीक्षेच्या दिवशी केंद्रावर नेण्याची सोय केली, तर फार मोठा खर्च येणार नाही. योजना कागदावर दोन वेगळ्या विभागांच्या आहेत, मूल मात्र एकच आहे.

शाळा आणि शासन काय करू शकतात?

पहिली गोष्ट, वर्गात ‘नवोदयची टोळी’ वेगळी काढणे थांबवावे. चार निवडक मुलांना पुढे बसवून बाकीच्यांना ‘तुम्ही तुमचे करा’ सांगितले, की उरलेल्या वीस जणांना आपली किंमत कळते. आकृत्या, उतारे आणि हिशेब हा सगळ्या वर्गाचा अभ्यास आहे. निवड चौघांची होवो की कुणाचीच न होवो, वाचायला सगळ्यांना आले पाहिजे.

दुसरी, केंद्रप्रमुखांच्या पातळीवर प्रत्येक केंद्रात तीन-चार मोफत सराव चाचण्या घ्याव्यात, खऱ्या ओएमआर कागदावर. क्लासकडे असलेला एकमेव ठोस फायदा त्याने सगळ्या मुलांना मिळेल. जादा तास घेणाऱ्या शिक्षकांच्या कामाची नोंद व्हावी, म्हणजे बदलीनंतर नवा शिक्षक तो धागा उचलेल.

तिसरी, कोचिंगविषयक नियम करताना राज्याने प्राथमिक वयातल्या मुलांच्या निवासी क्लासचा स्वतंत्र विचार करावा. तिथे किती मुले राहतात, रात्री कोण असते, स्वच्छतागृहे किती, मुले पटावरच्या शाळेत खरोखर जातात का, याची तपासणी ही बालसंरक्षणाची बाब आहे.

निकालाच्या दिवशी काय बोलायचे?

निकाल लागतो तेव्हा शंभरातल्या ९९ घरांत शांतता असते. त्या दिवशीची दोन वाक्ये मूल वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. ‘एवढा खर्च केला’ हे पहिले वाक्य न बोललेलेच बरे. शेजारच्या मुलाचे नाव तर मुळीच काढू नये.

त्याऐवजी सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते खोटे सांत्वन नाही. सहावीची परीक्षा एकदाच असली, तरी नववीत रिकाम्या जागांसाठी नवोदयची स्वतंत्र परीक्षा होते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेतील मुलांना तीतून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळा आहेत. आणि गावातली शाळा आहेच. वर्षभर रोज वाचलेले, कागद कापून पाहिलेले, बाजारात हिशेब केलेले मूल सहावीत त्याच शाळेत गेले, तरी ते आधीपेक्षा पुढेच असते.

तयारी नीट झाली की नाही, याची कसोटी तिथेच आहे. नंबर न लागताही जी उपयोगी पडते ती तयारी मुलाची. नंबर न लागल्यावर जिचा फक्त खर्च आठवतो, ती पालकांची. नवोदयची दारे ८० मुलांसाठीच उघडतील, त्याला इलाज नाही. पण उरलेल्यांना अकराव्या वर्षीच ‘नापास’ ठरवायचे की नाही, हे घराच्या हातात आहे.